निश्चिंतीचं नाणं

३ मार्च
ओथो घरात आला! एवढं एक वाक्य लिहायला इतकी वर्षं वाट पाहिली, आणि लिहिताना अक्षर असं वेडंवाकडं आलं.

चिमटे दुपारी आणून देऊन गेला. चिमटे म्हणजे आमचा नाण्यांचा व्यापारी. आडनाव वेगळंच आहे. पण कुणी नाणं बोटांनी नीट न धरता उचललं की तो असा काही टोचून बोलतो, की सगळी गिऱ्हाइकं त्याला याच नावाने ओळखतात. त्याने टेबलावर मखमलीचा तुकडा पसरला, डबी उघडली आणि म्हणाला, "घ्या. तीन महिन्यांचा बादशहा."

रोमच्या सम्राटांची चांदीची नाणी, त्यांचे देनारियस, मी जमवतो. माझी रांग ऑगस्टसपासून नीट चालते आणि मध्येच एक खाच आहे. ती ओथोची. गडी गादीवर बसला न बसला तोच संपला, म्हणून त्याची नाणी थोडी, आणि नाणी थोडी म्हणून त्यांच्यामागे लागलेले वेडे फार. आयुष्यभर मी लोकांच्या कवळ्या बनवल्या. एक दात पडला की जीभ सारखी तिथेच जाते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

नाणं सुरेख आहे. ओथोचे केस लाटांसारखे एकाखाली एक बसवलेले. तो टोप घालायचा असं जुने लोक लिहून गेलेत. खोट्या दातांवर घर चालवलेल्या माणसाने खोट्या केसांना नाव ठेवू नये. मागच्या बाजूला हातात हार घेतलेली बाई उभी आहे, सेक्युरितास. आपल्या भाषेत निश्चिंती. रोमच्या जनतेची निश्चिंती! तीन महिन्यांत यादवी होऊन बादशहाने स्वतःच्या हाताने जीव दिला, आणि नाण्यावर ही बाई मजेत उभी.

चिमट्याला पैसे नकोत. बदल्यात माझं नाण्यांचं दुसरं तबक हवंय, अख्खं. त्यात अँटोनायनस, मार्कस, राणी फॉस्तिना. ते तबक हिने आणि मी मिळून भरलं होतं. ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण फॉस्तिनाची निवड तिचीच. "हिचा अंबाडा बघा, बाई रोज सकाळी किती वेळ बसत असेल," म्हणाली होती.

महिनाअखेरपर्यंत नाणं माझ्याकडे राहील. तोवर ठरवायचं.

एकच खोट. मानेच्या खाली, कडेला, एक बारीकसा फोड आहे. त्या काळातले ठक तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून नाणी पाडायचे. तसल्या नाण्यांना असे फोड येतात. साध्या मळानेही येतात.

"कापून बघायचं तर खुशाल बघा," चिमटे जाताना म्हणाला. "पण कापलंत की ते तुमचं."

संध्याकाळी ठकीचा, माझ्या लेकीचा, फोन. दोन दिवस येतेय म्हणाली, इकडे काहीतरी काम आहे. ये म्हटलं.

५ मार्च
ठकी आली. दोन दिवसांसाठी केवढी ही बॅग! शिवाय स्वतःची उशी. म्हटलं, आमच्या घरातल्या उशा काय दगडाच्या आहेत? म्हणाली, मान दुखते. बरोबर आहे. इस्पितळात क्ष-किरणांच्या खोलीत दिवसभर उभं राहून रोग्यांना इकडे वळवा, तिकडे वळवा. मान दुखणारच.

तिला ओथो दाखवला. भिंगातून बघत म्हणाली, "छान आहे. थकलेला दिसतो."

मी फोड दाखवला. "आमच्या मशिनखाली ठेवू का?" म्हणून हसली. तुमच्या किरणांना चांदीपुढे काही दिसायचं नाही, म्हटलं. "आम्हाला तसंही फार दिसत नाही, बाबा. हाडं तेवढी दिसतात."

६ मार्च
आज वजनाची परीक्षा घेतली. पद्धत सोपी. नाणं आधी हवेत तोलायचं, मग दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत तोलायचं, आणि दोन्हींवरून घनता काढायची. चांदी असेल तर उत्तर दहाच्या वर, आत तांबं असेल तर नऊच्या आसपास. सोनं आणि चांदी तोलायचा माझा जुना काटा अजून चोख आहे.

ठकीने दोरा धरला. तिच्या बोटात अंगठी नव्हती. म्हटलं, काढून ठेवलीस ते बरं केलंस, पाण्यात हात घालायचा म्हणजे. नाण्यावर हवेचा बुडबुडा बसला होता, तो ती काडीने काढत राहिली.

पहिल्यांदा उत्तर चांदीचं आलं. मी टाळी दिली. दुसऱ्यांदा तांब्याचं. तिसऱ्यांदा धड ना इकडचं, ना तिकडचं.

जेवण गेलं नाही.

९ मार्च
ताई आली होती. माझी थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि न कळवता येते. बराच वेळ ठकीकडे बघत बसली. ठकी चहा टाकायला आत गेल्यावर मला म्हणाली, "तुला काही दिसतं का रे?"

"दिसतं म्हणजे? गेला आठवडाभर तेच तर बघतोय." मी भिंग आणि नाणं तिच्या हातात दिलं. "ही कड बघ. इथे."

"मी नाण्याबद्दल बोलत नाहीये."

"मग?"

तिने भिंग खाली ठेवलं. "लहानपणी तू अंगणात गोट्या मोजत बसला होतास आणि मागे शेजाऱ्यांचं छप्पर पेटलं होतं. आठवतं?"

हिला प्रत्येक गोष्टीत माझं लहानपण सापडतं. शिवाय डोळ्यांत मोतीबिंदू. नाण्यात तिला काय दिसणार?

जाताना ठकीला दारात घट्ट जवळ घेतलं. दोघी उगीचच भावुक होतात.

१३ मार्च
दोन दिवसांचे आठ झाले. मी काही म्हणत नाही, घरात माणूस असलेलं बरंच वाटतं. न्हाणीघरात तिच्या बाटल्यांची फौज उभी आहे. काल इथल्या इस्पितळात जाऊन आली. कुणा मैत्रिणीसाठी नोकरीची चौकशी करायची होती म्हणे. मैत्रिणीसाठी इतकी पायपीट करणारी माणसं हल्ली कुठे असतात!

ओथो पुन्हा तोलला. चांदी. जेवून उठल्यावर पुन्हा तोलला. तांबं. एका कवळीचं काम अर्धवट पडलंय. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, रोगी तोंड वासून बसलाय म्हणून. मेण तापवायला घेतलं आणि तसंच विसरलो, भांडं करपलं.

कानस कडेला नुसती टेकवली तर? केसाएवढा ओरखडा. आतला रंग लगेच दिसेल. पण खरं निघालं तर त्या सुंदर नाण्यावर माझ्या अविश्वासाची खूण कायमची राहणार. आणि न उकरता तबक देऊन टाकलं तर जन्मभर मनात किडा. बसवत नाही, उठवत नाही, अशी गत झाली आहे.

१४ मार्च
जावईबापूंचा फोन. ठकी बाहेर गेली होती. इकडचं तिकडचं बोलले, तब्येत विचारली. मग म्हणाले, "तिला तेवढं सांगाल का, की उद्या शनिवारी मी दिवसभर घरी नसेन."

सांगितलं तिला. पण मला एक कळत नाही, नवरा घरी कधी असतो नि कधी नसतो हे बायकोला सासऱ्याकरवी कळवायची ही कुठली पद्धत? तिला सांगितल्यावर ती फक्त "बरं" म्हणाली, आणि शेजारच्या शिंप्याकडे त्याची गाडी मागायला गेली.

१५ मार्च
ठकी सकाळी गाडी घेऊन गेली ती दिवेलागणीला खोकी भरून परतली. पुस्तकं, स्वयंपाकघरातली दोन पातेली, एक दिवा, थंडीचे कपडे. तिकडे घर लहान पडतंय वाटतं. सगळी खोकी माझ्या कामाच्या खोलीत, थेट काट्याच्या टेबलाला टेकवून रचली. टेबल इंचभर हललं!

१६ मार्च
भांडण झालं.

काटा एका जागी स्थिर होईना. मी ओरडलो, की ही खोकी इथून हलली नाहीत तर माझं एकही वजन खरं येणार नाही. ठकी दारात उभी होती, हातात केस विंचरायचा ब्रश.

"बाबा, त्या नाण्याला तुम्ही रोज पाण्यात बुडवून विचारताय, खरं सांग, तुला झालंय काय. मला एकदा तरी विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तुला नाण्यांतलं काय कळतं?"

ती हसली. हसली म्हणजे, तोंड हसल्यासारखं झालं. मग न्हाणीघरात गेली, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. पाणी असं फुकट घालवणं मला पसंत नाही, पण दारावर थाप मारायचा धीर झाला नाही. का झाला नाही, कोण जाणे.

१७ मार्च
खोकी तिने रात्रीतून व्हरांड्यात नेली. काटा स्थिर. तोललं नाही.

१९ मार्च
कवळी एकदाची पुरी करून दवाखान्यात पोचवली. डॉक्टरीणबाईंनी ठशावर बसवून पाहिली, खूश झाल्या. मग हात धुताधुता म्हणाल्या, "आणि अभिनंदन हं. तुमच्या मुलीला इथल्या इस्पितळात जागा मिळाली ना? माझी बहीण तिथेच आहे, ती सांगत होती. आता कायमची इथे म्हटल्यावर तुम्हाला सोबत झाली."

मी म्हटलं, "हो, झाली ना."

परत येताना कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो. उशी. अंगठी. शनिवार. पातेली. कुणी दोन पातेली घेऊन माहेरी येतं का? आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं. ताईला तर मोतीबिंदूतून दिसलं.

घरी आलो. ती भाजी चिरत होती. "कुठे होतात?" म्हणाली. "दवाखान्यात," म्हटलं. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते तसंच घेऊन आत गेलो आणि तबकं पुसत बसलो.

२० मार्च
आज माझ्या हातून काय झालं ते लिहितो. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

तिच्याशी बोलायचं सोडून मी जावयांना फोन केला. ती बाजारात गेल्याचं बघून. म्हटलं, जे काय असेल ते असो, ती जरा हट्टी आहे, लहानपणापासूनच, तुम्ही सांभाळून घ्या. महिनाभर इथे राहू दे, राग निवळेल, मी समजावतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, राग नाहीये. दोघांनाही नाही. राग असता तर बरं होतं." आणि, "तिला माहीत आहे का, तुम्ही फोन केलाय ते?"

मी फोन ठेवला, त्यावरून त्यांना कळलंच असणार. त्यांनी तिला कळवलं. लपवाछपवी नको म्हणून कळवलं असेल, त्यांना दोष देत नाही.

ठकी पिशव्या तशाच जमिनीवर टाकून समोर उभी राहिली. आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचीच भीती वाटली.

"मी हट्टी? कशाबद्दल सांभाळून घ्यायचं त्याने मला? काय केलं मी? तुम्हाला माहिती आहे का, काय झालं ते?"

"नाही," म्हटलं. "पण..."

"माहिती नाही, आणि माझ्या वतीने माफी मागून मोकळे झालात."

उशी काखेत मारली आणि ताईकडे गेली. बॅगही नेली नाही.

पिशवीतली अंडी फुटली होती. फरशी पुसली. फरशीवरचं अंडं निघता निघत नाही.

२२ मार्च
ताईला फोन केला. "जेवते का?" विचारलं. "जेवते. तू?" "हो." खोटं बोललो. "ती बोलायला येईल का फोनवर?" ताई म्हणाली, "फोन कशाला? पाय मोडलेत का तुझे?"

पाय धड आहेत. पण जाऊन काय बोलू? दाताचा ठसा घेताना रोग्याला 'तोंड उघडा' म्हणायचं असतं, एवढंच मी आयुष्यात शिकलो. माझ्यासमोर लोक तोंड उघडायचे, पण त्यात माझा ठशाचा लगदा भरलेला असायचा. बोलत कुणीच नव्हतं.

व्हरांड्यातल्या खोक्यांवर चादर टाकली. दव पडतं.

२४ मार्च
चिमट्याचा फोन. दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलंय, नगद देणारं. महिनाअखेरपर्यंत थांबणार नाही. "उद्या चारला येतो. तबक तयार ठेवा किंवा ओथो तयार ठेवा. मधलं काही नको."

सबंध संध्याकाळ दोन्ही समोर घेऊन बसलो. आज एकदाही तोललं नाही. नुसतं बघितलं. फार देखणं आहे. खरंच असावं. खरंच आहे. मग पुन्हा तो फोड दिसतो.

२५ मार्च
सकाळपासून घरात येरझाऱ्या. कानस काढली, पुन्हा ठेवली. दुपारी तबक टेबलावर ठेवलं. मग ओथो ठेवला. मग दोन्ही.

तीन वाजून गेले असतील. व्हरांड्यात वारा सुटला आणि खोक्यांवरची चादर उडाली. एक खोकं नीट बांधलेलं नव्हतं. आत वर तिच्या कामावरचे बूट होते, टाचा एका बाजूने झिजलेले. दिवसदिवस उभं राहिल्याने. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला तिथे बरं आहे का, हे मी तिला कधी विचारलं होतं? मी विचारायचो, जावई कसे आहेत. ती सांगायची, बरे आहेत. तेवढ्यावर आमचं भागायचं.

ओथो डबीत घातला, डबी पाकिटात, आणि पाकीट शिंप्याच्या हातात दिलं. "चिमटे येईल. त्याला द्या आणि सांगा, ठेवत नाही."

शिंपी म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

कोपऱ्यापर्यंत जाऊन मागे वळावंसं वाटलं. वळलोही होतो. मग रिक्षा दिसली.

ताईने दार उघडलं. "आलास? आणि बादशहा घरी एकटाच?"

"दिला परत."

ती बाजूला झाली. "गच्चीवर आहे. आणि हे बघ, शहाणपण शिकवू नकोस. कान तेवढे घेऊन जा."

ठकी दोरीवरचे कपडे काढत होती. मीही काढायला लागलो. चादरीची दोन टोकं तिने धरली, दोन मी. घडी घालताना माणूस जवळ येतोच.

"काय झालं ते सांगशील?" म्हटलं. "मी फोनबिन करणार नाही कुणाला."

सगळे कपडे काढून झाले, दोरीवरचे चिमटे टोपलीत गेले. मग कठड्याला टेकून बोलली.

"तो वाईट नाही, बाबा. मारलं नाही, फसवलं नाही. लोकांना सांगायला काहीच नाही माझ्याकडे. घरात बोलणंच उरलं नव्हतं. मी कामावरून यायचे, सांगायचे, आज असं झालं, आज तसं झालं. तो 'हं' म्हणायचा. कधी कधी मी मुद्दाम खोटंच सांगायचे. एकदा म्हटलं, आज इस्पितळाला आग लागली. तरी 'हं'. मग मीही बंद केलं. मागच्या हिवाळ्यात एकदा लक्षात आलं, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत मी घरात आवाजच काढला नव्हता. घसा दुखतोय म्हणून गेले, तर डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "हं."

आणि ते मला ऐकू आलं. तिलाही आलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की कठड्यावरून उडी मारावीशी वाटली.

"म्हणजे," मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, मग? मग काय केलंस?"

ती हसायला लागली. हसताहसता रडली. मी टोपली हातात घेऊन उभा. काय करावं न सुचून तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस आईसारखे दाट आहेत, हे माझ्या आज लक्षात आलं. मग तिने सगळं सांगितलं. खाली उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि ताईने आमचा चहा दोनदा तापवून शेवटी स्वतःच पिऊन टाकला होता.

ते सगळं इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

२९ मार्च
चिमटे रस्त्यात भेटला. मुद्दामच थांबला.

"त्या गिऱ्हाइकाने प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली घातलं," म्हणाला. "आरपार चांदी. फोडाखाली नुसता मळ. तुमचा काटा हलत असेल हो."

"काटा नाही," म्हटलं. "हात."

घरी येऊन हात पुढे धरून पाहिले. खरंच, डावा किंचित थरथरतो. कधीपासून, देव जाणे. तरीच कवळीच्या कडा हल्ली पुन्हा पुन्हा घासाव्या लागतात.

खोटं कशाला लिहू? वाईट वाटलं. दिवसभर वाटलं. असा ओथो पुन्हा माझ्या दारात यायचा नाही, आणि रांगेतली खाच आता माझ्याबरोबरच जाईल. जेवताना ठकीला सांगितलं. 'जाऊ द्या हो' म्हणेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "फार वाईट झालं, बाबा." आणि मला एकदम हलकं वाटलं.

मग हाताबद्दलही सांगितलं. ती म्हणाली, सोमवारी दाखवू. कुणाला, केव्हा, कसं, सगळं विचारत बसली. मला इतकी उत्तरं द्यायची सवय नाही.

१ एप्रिल
हाताचं विशेष काही नाही म्हणतात, वयाचं आहे. औषध दिलंय. कवळ्यांचं काम कमी करायचं. कामाची खोली ठकीला द्यायची, असं मी ठरवलं. तिने नको म्हटलं. मी हो म्हटलं. भिंतीच्या रंगावरून वाजलं: तिला पिवळा हवा, मला पिवळ्यात झोप येत नाही. "झोपायचंय कोणाला तिथे? मलाच ना?" म्हणाली. मुद्दा तिचा बरोबर होता. काटा बांधून माळ्यावर टाकला.

३ एप्रिल
आज तिचा इस्पितळातला पहिला दिवस. मी उगीचच तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी नाणी काढून बसलो होतो, पण मन लागेना, परत ठेवली. तिकडची माणसं कशी असतील, यंत्र जुनं असेल की नवं, वरिष्ठ बाई खाष्ट असेल का. सासरी गेली तेव्हा एवढी काळजी केली नव्हती.

आली ती चपला काढायच्या आधीच सुरू झाली. कुणी एक म्हातारबाबा आले होते, पाय दाखवायला, आणि 'फोटो' म्हटल्यावर केस नीट करून हसत बसले. मग यंत्र दोनदा बंद पडलं. वरिष्ठ बाई खाष्ट नाही, बहिरी आहे, त्यामुळे सगळे ओरडतात आणि बाहेर रोग्यांना वाटतं आत भांडण चाललंय. मी हे लिहायला बसलो तरी तिचं स्वयंपाकघरातून चालूच आहे, भांड्यांच्या आवाजावरून. त्या बहिऱ्या बाईंचं पुढे काय झालं ते नीट ऐकू आलं नाही.

विचारून येतो.